दातांतली तार आणि कोराडीची राख

माझे समोरचे दात पुढे होते. थोडेथोडके नाही, चांगलेच. वरचे चार, आणि त्यातला एक शेजारच्याच्या पाठीवर चढलेला. ओठ मिटायला मला जोर लावावा लागायचा आणि जोर लावला की हनुवटीला खळगे पडायचे, म्हणजे ते आणखीनच वाईट. फोटो काढायचा म्हटलं की मी मागच्या रांगेत जाऊन उभी राहायची. बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, रसायनशास्त्रात बरे मार्क पडायचे, पण तोंडी परीक्षेत उत्तर येत असूनही मी मान खाली घालून पुटपुटायची. परीक्षकांना वाटायचं, पोरीला येत नाही. येत सगळं होतं. तोंड उघडायची लाज वाटायची, एवढंच.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही सक्करदऱ्याला तलावाच्या मागच्या अंगाला राहायचो. बाबा कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते. घरात आम्ही तिघंच, पण दोन गल्ल्या सोडून राहणारी आत्या दिवसातून एक चक्कर मारल्याशिवाय राहायची नाही. माझ्या लग्नाचं तिनं फारच मनावर घेतलं होतं. आणि जे मनात असेल ते माझ्या तोंडावर बोलायची तिची रीत होती.

"पोरगी गोरी आहे, शिकेल आहे, सारं आहे," ती बाबांना सांगायची. "पन दात पाहून लोकं चहा पिऊनच उठतीन. समोरचे चार काढून टाक गा. नवे बसवले की महिन्याभरात फोटोत बी कळत नाही."

तिच्या ओळखीतल्या कुणा मुलीनं तसं केलं होतं आणि तिचं लगेच जमलंही होतं. बाबा काही बोलायचे नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे अर्धा होकारच असायचा. खरं सांगायचं तर मीही तयार होते. असल्या दातांचं करायचं तरी काय, असं मला वाटायचं. अडून बसली ती आई. ती कधी कशाला नाही म्हणायची नाही, आत्याला तर नाहीच नाही. पण दात काढायचा विषय निघाला की तिचा चेहराच बदलायचा.

"चांगले दात काहून काढाचे? किडले का ते?"

"मंग काय करते? ठोकून आत घालते?" आत्या म्हणायची.

आई एरवी एकटी महालच्या बाजारापर्यंतही जायची नाही. पण एका सकाळी बाबा ड्यूटीवर गेल्यावर तिनं मला तयार व्हायला सांगितलं आणि रिक्षात बसवून थेट सरकारी दवाखान्याच्या दातांच्या विभागात नेलं. परत आल्यावर घरात बरीच बोलाचाली झाली. शेवटी ठरलं ते असं: संक्रांतीनंतर स्थळं पाहायला सुरुवात होईल. तोपर्यंत डॉक्टरांच्या उपायानं दात आत गेले तर ठीक, नाही तर चारही काढायचे. आईनं मान डोलावली, पण त्या दिवशी ती नीट जेवली नाही.

दवाखान्यात माझी केस एका डॉक्टरीणबाईंकडे होती. त्या तिथेच पुढचं शिक्षण घेत होत्या, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांच्याकडे परदेशातून आलेल्या काही तारा होत्या, आणि त्या तारांचं त्यांना कोण कौतुक! पहिल्याच दिवशी त्यांनी मला त्यातली एक दाखवली. कमानीसारखी वाकलेली, मळकट करड्या रंगाची, सुतळीहून बारीक. ती त्यांनी थंड पाण्यात बुडवली आणि बोटाभोवती गुंडाळून तिची पार वेडीवाकडी गुंतवळ केली. मग तीच गुंतवळ गरम पाण्याच्या वाडग्यात टाकली. क्षणात ती सळसळली आणि पुन्हा पहिल्यासारखी कमान होऊन बसली. आई खुर्चीवरून अर्धी उठली.

"आपला आकार ती विसरत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुझ्या दातांवर बांधताना ती वाकेल. मग तोंडाच्या गरमीनं तिला तिची कमान आठवेल आणि परत जाता जाता ती दातांनाही हळूहळू सोबत नेईल. स्टीलच्या तारेला पुन्हापुन्हा पिळावं लागतं. हिला नाही."

मी रसायनशास्त्राची आहे हे कळल्यावर त्यांना आणखी चेव आला. तार निकेल आणि टायटॅनियम यांची, जवळजवळ निम्मी निम्मी, असं त्यांनी सांगितलं. निकेल तोंडात सुटलं तर काहींना सोसत नाही. पण टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन धरून स्वतःवर एक पापुद्रा ओढून घेतं. तो डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ असतो, पण लाळ, मीठ, आंबट काही आत शिरू देत नाही आणि आतलं निकेल बाहेर पडू देत नाही. या तारेला कारखान्यात तापवलंय, म्हणून हिच्यावर तो जरा जाड बसलाय आणि रंग असा मळकट आलाय.

"मळ नाही हं तो. तोच तिचा जीव आहे. मऊ ब्रश, साधं पाणी, बस."

"ओरखडा पडला तर?" मी तोंडावर हात ठेवून विचारलं.

"पडला तर आपोआप परत धरतो. पण तू रोजच खरवडत बसलीस तर बिचारा किती वेळा धरेल?"

मला ते सगळं फार आवडलं होतं. लोखंडावर चढतो तो गंज लोखंडाला खातो, सुटून पडतो, खालचं पुन्हा उघडं पाडतो. आणि इथे मात्र चढलेलं तेच राखण करतं. रिक्षात आईनं विचारलं, "काय सांगत होती वं ती? मले तं काहीच नाही समजलं." मी मनातल्या मनात समीकरण मांडत होते. "काही नाही, तुला नाही कळायचं ते," मी म्हणाले. "फक्त मऊ ब्रशनं घासायचं, एवढंच."

तार बसली. पहिला आठवडा मी वरणभातावर काढला. दात असे ठणकायचे की भाताचं शीतही चावताना डोळ्यांत पाणी यायचं. पण दिवाळीपर्यंत फरक दिसायला लागला. पाठीवर चढलेला दात खाली उतरायला निघाला होता. मी आरसा घेऊन अंगणात उन्हात बसायची आणि तासन्‌तास आपलंच तोंड पाहायची. आत्यानंसुद्धा एकदा हनुवटी धरून पाहिलं आणि "हं" केलं. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळच.

फक्त तार दिसायची घाण. दातांवर चिकटवलेल्या स्टीलच्या बारीक चौकटी चकचकीत, आणि त्यांच्यातून ही मळकट रेघ. बोलताना लोकांची नजर तिथेच जायची. शेजारच्या काकूंनी एकदा "दातात काही अडकलं आहे बेटा" म्हणून हळूच सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आमच्या घरात धातूवर काही चढलेलं राहणं म्हणजे घरच्या बाईची अब्रू जाणं. पाण्याचा तांब्याचा गुंड हिरवा पडला, पितळेची परात काळवंडली, विळीला काट आला की आईला चैन पडायचं नाही. पितळेला आधी चिंच, मग राख. आणि राख कोणती, तर कोराडीची. गॅस आल्यापासून चुलीची राख मिळेनाशी झाली होती, तेव्हा बाबा केंद्रातून पिशवीभर आणून द्यायचे. पिठासारखी बारीक. आई ती पुन्हा फडक्यातून चाळायची आणि डब्यात भरून ठेवायची. तिच्या भांड्यांत तोंड दिसायचं, असं आत्यासुद्धा कबूल करायची.

संक्रांत झाली आणि पहिलंच स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, घरी थोडी शेती. रविवारी पाहायला येणार. गुरुवारी सकाळी आईनं मला मोरीपाशी बोलावलं.

"तोंड उघड."

तिच्या एका हातात चिंचेचा कोळ होता आणि दुसऱ्या हातात ओल्या चिंधीवर घेतलेली राख.

"अगं, मऊ ब्रशनंच घासायचं सांगितलंय," मी म्हणाले.

"चिंधी मऊच आहे. काळी तार घेऊन बसशीन का पाहुण्याईसमोर? काय म्हनतीन ते? या घरात भांडे बी असेच राहते का?"

मला माहीत होतं. राखेत काय असतं ते मी पुस्तकात वाचलं होतं, चिंचेत कोणतं आम्ल असतं तेही. तरी मी तोंड उघडलं, कारण ती काळी रेघ मलाही नको होती. आईनं चिमटीत चिंधी धरून एकेक दात, एकेक इंच तार घासली. तोंडभर आंबट आणि करकरीत चव पसरली. चूळ भरून आरशात पाहिलं तर तार चांदीसारखी पांढरी! मी खुश झाले. आई तर इतकी खुश झाली की तिनं संध्याकाळी पुन्हा घासली. मग शुक्रवारी दोनदा. जराशी मंद दिसली की चिंधी घेऊन हजर.

शुक्रवारी रात्री ओठांना खाज सुटली. शनिवारी हिरड्या लाल झाल्या. खोटे दागिने घातले की माझे कान चिघळायचे, म्हणून लहानपणापासून मी कानात कडुनिंबाची काडी नाही तर सोनंच घालायची. पण त्याचा आणि तारेचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आईला वाटलं, मळ राहिला असेल. रविवारी सकाळी तिनं आणखी एकदा, शेवटचं म्हणून, जोर लावून घासली. दहा वाजेपर्यंत माझे दोन्ही ओठ सुजून टम्म झाले. खालचा तर लोंबायलाच लागला.

पाहुणे अकराला आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आत गेले तेव्हा तिघांच्याही नजरा माझ्या ओठांवर गेल्या.

"काल अंगनात मधमाशी चावली तिले," आत्यानं ठोकून दिलं.

"दोन्ही ओठाले?" मुलाची आई म्हणाली.

त्यांनी मला कोणते विषय घेतले ते विचारलं. मी सांगायला गेले तर शब्दांऐवजी लाळच आली. ती मी पदरानं पुसली आणि पुन्हा सांगायला गेले. मामांनी "राहू दे, राहू दे बेटा" म्हणून हात केला. मुलगा पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत होता. त्यानं मान वर केली नाही, याचे मी त्या वेळी आभारच मानले. बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. आणि आई दाराच्या चौकटीत उभी होती, अशी की कोणी तिला काही विचारलं असतं तर ती तिथेच खाली बसली असती.

दुपारीच आत्यामार्फत निरोप आला. मुलगी चांगली आहे, तेवढं दातांचं काय ते करून घ्या, मग पाहू. आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "झालं ना आता तारेचं कौतुक? उद्या जाऊन दात काढून घ्या. हे स्थळ मी हातचं जाऊ देनार नाही." बाबांनी मान हलवली. संक्रांत उलटली होती आणि दात अजून पुरते आत गेले नव्हते; ठरलं होतं तसंच चाललं होतं.

संध्याकाळी मी ओठांवर ओलं फडकं धरून पडले होते आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी उठून बसले आणि आईला सांगितलं की तारेवर जे मळकट होतं ते मुद्दाम ठेवलेलं होतं, आतलं बाहेर येऊ नये म्हणून. भांड्यांना कल्हई असते तसं. तुझ्या घासण्यानं ती गेली आणि आतलं निकेल ओठांना लागलं.

आईनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"मंग तवाच कल्हई म्हनायचं होतं ना! कल्हईले कोन राखेनं रगडते? एवढं बी मले समजलं नसतं का?"

बाबा खाटेवरून म्हणाले, "आमच्या बॉयलरच्या नळ्याईले बी आतून काळा थर राहते. तो राहू द्या लागते. तो गेला की नळी गेली."

"अन् तुमी? तुमी काहून नाही सांगितलं?"

"तू नळी थोडीच घासून राहिली होती," बाबा म्हणाले आणि कूस बदलली.

एरवी आम्ही हसलो असतो. पण आई रडवेली झाली होती. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "उद्या त्या बाईले राखेचं सांगू नको वं. हसतीन सारे." मी लगेच हो म्हटलं. मला तर आईपेक्षाही जास्त वाटत होतं की हे कुणाला कळू नये. तिथे शिकणारी मुलं-मुली माझ्याच वयाची होती. त्यांच्यासमोर राख, चिंच, मोरी, चिंधी, हे शब्द मला उच्चारायचेच नव्हते.

सोमवारी आम्ही गेलो तर नेमके विभागाचे मोठे सर राउंडला आलेले. लांबलचक हॉल, खुर्च्यांची रांग, आणि माझ्या खुर्चीभोवती पांढऱ्या कोटांतली दहा-बारा मुलं. सरांनी माझा ओठ उचलला, दोन्ही बाजूंना कापूस खुपसला आणि सगळ्यांना वाकून पाहायला लावलं.

"देखो. मैं पहले से बोल रहा था," ते म्हणाले. "परदेशी तार आहे म्हणून डोक्यावर घ्यायची नाही. आपल्या लोकांच्या तोंडात ही टिकत नाही. पापुद्रा वगैरे सगळं कागदावर. बाकीच्या पेशंटांच्याही काढून टाका."

डॉक्टरीणबाई माझ्या डोक्याशी उभ्या होत्या. त्यांची मान लाल झालेली मला खालून दिसली. "काही लावलं होतंस का ग तू?" त्यांनी वाकून विचारलं. मी छताच्या पंख्याकडे पाहत राहिले. तोंडात कापूस होता, ही माझी मोठीच सोय झाली.

"घासली," मागून आवाज आला.

सगळे वळले. आई भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हातांत पदराचं टोक पिळत.

"मी घासली ती तार. पोरीचा काही दोष नाही, अन् या बाईचा बी नाही."

"कशानं घासली?" सरांनी विचारलं.

"चिंचेनं. अन् मंग राखेनं." आणि जणू तेवढ्यानं काही बरं दिसेल म्हणून तिनं पुढे जोडलं, "कोराडीची राख. बारीक चाळून घेतली होती."

मुलं हसली. एक जण तर पाठ करून हसला. एका मुलीनं हसू दाबायला कोपर तोंडावर धरलं. ती आमच्याच कॉलेजातून तिथे गेली होती, मला ओळखत होती. जमीन दुभंगून मी त्या खुर्चीसकट आत जावं असं वाटलं. आईचा राग आला. काहून बोलली ही, आपलं ठरलं होतं ना, असं सारखं मनात येत होतं. पण आई हलली नाही. ती हसणं संपायची वाट पाहत तिथेच उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी एक मोठा श्वास सोडला. मग त्यांनी माझे कान पाहिले, दागिन्यांचं विचारलं, आणि मी मान डोलावून सगळं कबूल केलं. तारेत खोट नव्हती, पण मला आता ती चालणार नव्हती. खोट्या दागिन्यांतही निकेल असतं, आणि एकदा अंगानं त्याच्याशी वैर धरलं की ते सहजी सोडत नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांनी चिमट्यानं एकेक बांधणी सोडवली आणि तार काढून ट्रेमध्ये ठेवली. बाकीच्या पेशंटांच्या तारांविषयी सर पुन्हा काही बोलले नाहीत.

"शादी की बात चल रही है?" त्यांनी आईला विचारलं.

"कालच पाहून गेले."

"मग कशाला एवढी खटपट? समोरचे चार काढून टाकू. पंधरा दिवसांत नवे बसवून देतो, असे की कोणाला कळणार नाही." ते एका मुलाकडे वळले. "इंजेक्शन तयार कर."

मी खुर्चीचे हात घट्ट धरले. मला वाटलं, आता झालं, सुटले एकदाची. आई पुढे आली.

"नाही."

"माँजी, सगळे असंच करतात. घाबरायचं नाही."

"म्हनूनच म्हनते, नाही."

आईचे समोरचे दात बसवलेले होते. ते आम्हाला घरात ठाऊक होतं. किडले म्हणून काढले, एवढंच ती सांगायची. कवळी तिनं कधी कोणाच्या देखत काढली नव्हती. रात्री दिवा मालवल्यावरच ती तोंडातून निघायची आणि आम्ही उठायच्या आत बसलेली असायची. मीसुद्धा आईला कवळीशिवाय पाहिलं नव्हतं. त्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, आईनं तोंडात बोट घातलं आणि ती काढून तळहातावर ठेवली.

तिचं तोंड पुढून आत गेलं. एका क्षणात ती म्हातारी झाली.

"माये दात बी असेच पुढं होते," ती म्हणाली. दात नसल्यानं शब्दांतून हवा सुटत होती, तरी ती थांबली नाही. "एक बी किडेल नव्हता. पाहाले येनार होते म्हनून मायनं काढाले लावले. हिच्याहून लहान होती मी. लगन झालं, खोटं काहून बोलू? पन तवापासून पेरू तोडला नाही दातानं. हसाले आलं की आधी जीभ वर लावून धरा लागते, हे पडू नाही म्हनून. मंग हसू राहूनच जाते. हिचे नका काढू. लागन तितका वेळ लागू द्या."

या वेळी कुणी हसलं नाही. कोपर तोंडावर धरलेली मुलगी खाली पाहत होती. मी मात्र त्या पहिल्या क्षणी आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान फिरवली. मला तिची लाज वाटली. ती माझ्यासाठी तिथे तशी उभी होती आणि मला तिची लाज वाटली. मग लगेच त्या वाटण्याची इतकी लाज वाटली की मी डोळेच मिटून घेतले.

सरांनी इंजेक्शनचा ट्रे परत न्यायला सांगितला. "जैसा आप चाहें," म्हणून ते पुढच्या खुर्चीकडे गेले आणि मुलं त्यांच्यामागे गेली. डॉक्टरीणबाई थांबल्या. त्यांनी आईला बेसिनजवळ नेलं, ग्लासभर पाणी दिलं, आणि ती कवळी बसवेपर्यंत तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, ओठांची सूज उतरली की स्टीलची तार लावू. तिच्यातही निकेल आहे, पण क्रोमियमच्या पापुद्र्याखाली ते घट्ट बांधलेलं असतं, बहुतेकांना चालतं. वेळ मात्र दुप्पट लागेल.

आम्ही रिक्षात बसलो. तुकडोजी पुतळ्याचा चौक गेला. मला तिचा हात धरायचा होता, पण आमच्या घरात तसं कोणी करत नसे, आणि मी ओठांवरचं फडकंच पुन्हापुन्हा सारखं करत राहिले. सक्करदऱ्याचं वळण आलं तेव्हा आई माझ्याकडे न पाहता म्हणाली,

"घरी नको सांगू वं हे. तुया बाबाले तं नाहीच. त्याईले वाटते किडलेच होते."

मी कोणाला सांगितलं नाही. ते स्थळ गेलं. आत्या वर्षभर नाक मुरडून होती. स्टीलची तार मला सोसली आणि माझे दात आत गेले, अगदी सरळ नाही, पण माझेच. पुढे माझ्या सासरची माणसं घरी जेवायला आली की बाबा आईकडे पाहून कौतुकानं सांगायचे, "हिले माहेरी गुळाची लय सवय. त्याच्यातच गेले बिचारीचे दात." सगळे हसायचे. आई जीभ वर लावून मान डोलवायची, आणि मी समोर बसून जेवत राहायची.